मदत हवी आहे : वॉर्डमधील चुका परिचारिका निर्भयपणे सांगतील, यासाठी काय करावे?

मी एका खासगी रुग्णालयात 40 खाटांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर असून तिन्ही पाळ्या मिळून 22 परिचारिका माझ्या हाताखाली आहेत. औषधाची मात्रा किंवा वेळ चुकल्याची नोंद चार महिन्यांत केवळ दोनदा झाली. प्रत्यक्षात चुका अधिक होतात, हे औषधांच्या तक्त्यांवरून मला स्पष्ट दिसते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद अधिक आढळली, कारण तिथे बोलण्याची भीती कमी होती. त्यामुळे आमच्याकडील नोंदी वाढाव्यात, अशीच माझी मनापासून इच्छा आहे.

निनावी पेटी ठेवली, ती रिकामीच राहिली. पाळी बदलताना इन्सुलिनबाबत माझ्याकडून झालेली चूक मी सर्वांसमोर सांगितली. त्यानंतर दोन ज्येष्ठ परिचारिका बोलल्या, परंतु नव्या मुली गप्पच आहेत. पूर्वी चूक कबूल केलेल्या एका परिचारिकेची वेतनवाढ रोखली गेली होती आणि ते कोणीही विसरलेले नाही.

मेमो देण्याचा अधिकार प्रशासनाकडे आहे, बाहेरचा प्रशिक्षक बोलावण्यासाठी निधी नाही आणि तिन्ही पाळ्यांची एकत्र बैठक शक्य नाही. रुग्णाला इजा झालेली घटना मी लपवणार नाही, हेही निश्चित आहे. अशा स्थितीत, मला खरोखर पाळता येईल असे कोणते आश्वासन मी या मुलींना द्यावे, आणि पहिली चूक कोणी सांगितली तर त्या क्षणी नेमके काय बोलावे?