मदत हवी आहे : ‘रूडो’ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. मेक्सिकोचा लुचा लिब्रे (तिथली व्यावसायिक कुस्ती, बरेच पैलवान मुखवटा घालून खेळतात) पैलवान एल सांतो याच्यावर लेख लिहितोय. खरं नाव रोदोल्फो गुझमान वेर्ता, जन्म १९१७, गाव तुलान्सिंगो. १९४२ साली तो सांतो म्हणून उतरला आणि मग चंदेरी मुखवटा चारचौघांत कधी काढलाच नाही. १९५२ मध्ये ब्लॅक शॅडोशी लढताना दोघांनी आपापला मुखवटाच पणाला लावला होता. सांतो जिंकला, समोरच्याचा चेहरा उघडा पडला. स्वतःचा चेहरा मात्र त्याने दाखवला तो थेट जानेवारी १९८४ मध्ये, टीव्हीवर, तोही अर्धवट. फेब्रुवारीत गेला. दफनसुद्धा मुखवट्यासकट!

अडलंय ते इथे. लुचा लिब्रेत पैलवानांचे दोन गट : नियमाने खेळणारा तो ‘तेक्निको’, नियम धाब्यावर बसवणारा तो ‘रूडो’. सांतो सुरुवातीची कित्येक वर्षं रूडोच होता. ‘खलनायक’ लिहिलं तर फार नाटकी वाटतं, शिवाय रूडोंचेही चाहते असतातच. ‘दांडगट’ चालेल का? आपल्या तांबड्या मातीत अशी वाटणीच नाही, मग शब्द आणायचा कुठून?

आणि ते आडनाव ‘वेर्ता’ की ‘उएर्ता’? स्पॅनिश येणाऱ्यांनी कृपया सांगावं.