नायकुंडची भट्टी: एवढ्याशा जागेत लोखंड वितळलं कसं?

क्युपोलावाला, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. शिरोलीला फौंड्रीत २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्युपोलावर, म्हणजे कोकवर लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीवर. आता बहुतेक ठिकाणी विजेवरची इंडक्शन भट्टी आली, आणि मीही घरी बसलो.

गेल्या महिन्यात लेकीकडे नागपूरला गेलो होतो. जावईबापूंना जुन्या गोष्टींची हौस. भर उन्हात त्यांनी जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवतीची दगडांची कडी, दाखवली. खोटं कशाला बोलू, ती बघून मला काही फारसं उमजलं नाही. पण येताना गाडीत ते म्हणाले, "बाबा, तुमच्या धंद्यातलं सांगतो," आणि नायकुंडचं सांगितलं. पारशिवनीकडे, पेंच नदीकाठी. शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० मध्ये तिथं उत्खनन केलं, आणि ही वर्तुळं रचणाऱ्या लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली. इ. स. पू. ७०० च्या आसपासची. वळणदार मातीच्या विटा, भात्याच्या नळ्या, आणि मळी, म्हणजे लोखंड गाळताना निघणारा स्लॅग. भट्टी मात्र अगदी लहान.

तिथंच माझी गाडी अडली. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. आमचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कार्बनमुळं ११५०-१२०० ला पातळ होतं, तरी साच्यात ओतायचं तर १४०० च्या आसपास न्यावं लागायचं. त्यासाठी कोक, ब्लोअर, चुनखडी आणि माणसाच्या दुप्पट उंचीचा क्युपोला. एकदा रात्रपाळीला ब्लोअरचा पट्टा तुटला. दुसरा मिळेपर्यंत सगळा चार्ज, म्हणजे आत टाकलेला माल, गोठला. दोन दिवस आम्ही चौघं छिन्नी-घण घेऊन आत वाकून होतो.

मग लाकडाचा कोळसा आणि चामड्याचा भाता, एवढ्यावर हे जमलं कसं? की ती साध्या लोहाराची भट्टी होती, आणि लोखंड दुसरीकडूनच यायचं?

पांढरीतला

काका, लोखंड वितळलंच नाही. वितळली ती मळी.

फौंड्रीतला माणूस इथंच फसतो, कारण तुम्ही लोखंड पातळ झाल्याशिवाय ते लोखंड झालं असं मानतच नाही. या जुन्या भट्ट्यांत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड घन अवस्थेतच सुटं होतं. त्याला १५३८ लागत नाहीत. साधारण १२०० पर्यंत गेलं की खनिजातली वाळू आणि थोडं लोहऑक्साइड मिळून पातळ मळी होते आणि खाली निथळते. मागे उरतो स्पंजासारखा भोकाभोकांचा गोळा, अर्धा लोखंड, अर्धा मळी आणि कोळशाचे तुकडे. तो लाल असतानाच ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. मळी पिळून काढायची म्हणा ना. लोखंड पातळ करून ओतणं इ. स. पू. च्या पहिल्या सहस्रकात चीनमध्ये जमलं, आपल्याकडची तेव्हाची रीत ठोकण्याची.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. गाळणारा आणि घडवणारा वेगळे ओळखावे लागतात. घडवणाऱ्या लोहाराच्या जागी ऐरणीभोवती घणाच्या घावानं उडालेले पातळ, काळे पापुद्रे मातीत मिसळलेले असतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण पिशवीत चुंबक घालून तो मातीवरून फिरवला की चिकटून येतात. भट्टीच्या तळाशी वाटीच्या आकाराची मळी मिळते. गाळण्याच्या जागी मळी ढिगानं असते, तिच्यावर मेणबत्तीच्या ओघळासारखे ओघळ असतात, आणि भट्टीच्या भिंतीचे काच झालेले तुकडे पडलेले असतात. भाता सापडत नाही, चामडं कुजून जातं. त्याची मातीची नळी उरते, आणि तिचं आगीकडचं टोक वितळून काच झालेलं असतं. नायकुंडला भट्टीची वळणदार विटांची बांधणी, नळ्या आणि मळी एकत्र मिळाली, म्हणून ती गाळायची भट्टी म्हणतात.

क्युपोलावाला

मळीचं पटलं. पण एक खटकतंय. आमची मळी हिरवट, काचेसारखी आणि हलकी. ओली खडी जितकी जड लागते तेवढीसुद्धा नाही. जावयांनी फोटो दाखवला त्यातला तुकडा काळा होता, आणि म्हणाले हातात घेतला की शिशासारखा लागतो. मळी जड का? लोखंड वाया घालवत होते की काय?

पांढरीतला

होय, वायाच जायचं, आणि नेमकं तुमच्या चुनखडीमुळं तुम्हाला ते कळत नाही. तुमच्याकडे वाळूला चुना गाठतो, म्हणून लोखंड वाचतं आणि मळी हलकी होते. या भट्ट्यांत चुन्याचं काम लोखंडालाच करावं लागायचं. निम्म्याच्या आसपास लोहऑक्साइड मळीतच जायचं. म्हणून ती जड, आणि म्हणूनच तीन हजार वर्षं शेतात पडून राहते. नांगराला अडकते, शेतकरी बांधावर फेकतो.

वैद्य_सांगली

मधेच बोलते, पण तुम्ही ज्याला मळी म्हणता तो आमचा मंडूर. आयुर्वेदात लोहकिट्ट म्हणून औषधात वापरतात, पुनर्नवा मंडूर तुम्ही ऐकला असेल. रसशास्त्रात शंभर वर्षांवरचं किट्ट उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं हलकं, आणि त्याहून नवं ते विषासारखं, असं सांगितलंय. म्हणजे त्या काळच्या वैद्यालाही जुन्या भट्ट्यांचे ढीग माहीत असणार, नाहीतर शंभर वर्षांचं किट्ट आणायचं कुठून?

पांढरीतला

वैद्यताई, हे मला सुचलंच नव्हतं. फक्त विनंती, एखाद्या जुन्या टेकाडावरची मळी औषधालाही उचलू नका. कुठं, किती खोलीवर आणि कशाशेजारी पडली होती, यावरच तर सगळं ठरतं.

तर्कटराव

मग तमिळनाडूचं काय? जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं की शिवगळैचं लोखंड इ. स. पू. ३३४५ चं आहे. तुमचं नायकुंड त्यापुढं कालचं पोर. का विदर्भवाल्यांनी उगाच भट्टीचं कौतुक लावलंय?

पांढरीतला

लोखंड कुठं आधी, ही शर्यत मला फार रंजक वाटत नाही, पण बोलतो. शिवगळै हे दफनस्थळ. तिथले सगळ्यात जुने आकडे थडग्यांतल्या वस्तूंसोबत मिळालेल्या नमुन्यांवरून आलेत, आणि त्यावर अभ्यासक भांडतायत. उत्तर प्रदेशात मल्हार, राजा नल का टीला इथून राकेश तिवारींनी इ. स. पू. १८०० च्या आसपासचं लोखंड दाखवलंय, त्यावरही वाद झालेच. कोळशाचं वय म्हणजे झाडाचं वय. जुनं खोड जाळलं असेल तर आकडा शे-दोनशे वर्षं मागं सरकतो.

कुऱ्हाड कुणीही विकत घेऊन आपल्या माणसाच्या थडग्यात ठेवू शकतो. क्विंटलभर मळी कुणी खांद्यावरून दुसऱ्या गावाला नेत नाही. नागपूरजवळ माहुरझरीच्या शिळावर्तुळांत घोड्याचं दफन आहे, त्याच्या तोंडावरचं तांब्याचं साजशिंगार आहे, आडव्या कड्या मारलेल्या लोखंडी कुऱ्हाडी आहेत. देखणं आहे सगळं. पण तिथल्या लोकांनी लोखंड स्वतः काढलं का, हे विचारायला मी नायकुंडलाच जाईन. तांब्याचंही तसंच. १९५०-५१ ला नगर जिल्ह्यात जोर्व्याच्या उत्खननात तांब्याच्या सहा कुऱ्हाडी निघाल्या म्हणून तांबं तिथंच गाळलं असं होत नाही.

क्युपोलावाला

तर्कटराव, माझा कारखाना बंद झाला तरी मागच्या पत्र्याच्या शेडखाली मळीचा ढीग आहे. शंभर वर्षांनी कुणी खणलं तर त्याला कळेल आम्ही काय करत होतो. आमची कास्टिंगं कुठं गेली, देव जाणे.

बाकी मंडळी, दिवाळीनंतर मी मळ्यात एक भट्टी मांडतोय. माती आहे, मोल्डिंगचा हात अजून चालतो. जावई म्हणतात मध्य प्रदेशचे अगरिया जमातीचे लोक पायानं दोन भाते दाबायचे, आमच्याकडे महाबळेश्वरला धावड समाजाचे लोक लोखंड काढायचे. कोळसा बाभळीचा घेऊ की खैराचा, ते पांढरीतल्यांनी सांगावं. आणि नळी किती तिरकी लावायची?

पांढरीतला

बाभूळ चालेल. नळी थोडी खाली झुकवा, टोक भिंतीच्या आत चार बोटं ठेवा, आणि खनिज आधी उघड्या आगीवर भाजून सुपारीएवढं फोडा. पहिल्या खेपेला नुसती मळी मिळेल, चिडू नका. आणि काका, ब्लोअर लावायचा नाही.

क्युपोलावाला

पट्टा तुटायची भीती नाही म्हणजे. नातवाला भात्यावर उभा करतो.