मदत हवी आहे: जुन्या नाटकांच्या जाहिरातींसारखी मराठी शीर्षकं कशी करायची?

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा ५० वर्षं होतायत आणि स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलंय. आत बरेचसे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत, तर शीर्षकं आणि फोटोखालच्या ओळीपण त्याच काळातल्या वाटाव्यात असं फार मनात आहे. कमल शेडगे पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींना कशी अक्षरं काढायचे, नुसतं नाव बघून नाटकाचा रंग कळायचा, त्या वळणाचं काहीतरी हवंय.

नेटवरच्या रेट्रो टेक्स्टवाल्या साइट्सवर मराठी टाकलं तर काहीच बदलत नाही, कारण त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी युनिकोडमधली गणितासाठीची वळणदार अक्षरं बसवतात आणि देवनागरीत तसा संचच नाहीये. मग गूगल फॉन्ट्सवरून यात्रा वन आणि मोदक हे फॉन्ट घेतले. यात्रा वन मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, त्यात ब्रशचा फटकारा मस्त दिसतो. मोदक मोठ्या शीर्षकाला झकास, पण बारीक केला की आतली पोकळी पार बुजते.

खरी अडचण पुढे आहे. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आठवणीतले गणपती' असं लिहून जाड आउटलाइन दिली की शिरोरेखेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्याला उभी रेघ उमटते, आणि अक्षरं एकमेकांपासून जरा लांब केली तर शिरोरेखाच तुटते. हे कसं घालवायचं? आणि फोटोखालच्या ओळींना कुठला फॉन्ट घेऊ? आतली पानं एकाच रंगात छापायची आहेत. प्लीज सांगा, प्रेसला फाइल लवकर द्यायचीये.

प्रतिसाद:
टेक्स्टला थेट आउटलाइन देऊच नका. आधी इंकस्केपमधलं ऑब्जेक्ट टू पाथ (टेक्स्टचं चित्र होतं), मग अनग्रुप (अक्षरं सुटी होतात), मग सगळी अक्षरं सिलेक्ट करून युनियन (ती जोडली जातात). अख्खा शब्द एकसंध आकार होतो आणि रेघ फक्त बाहेरून फिरते. शुद्धलेखन त्याआधीच तपासा, नंतर टाइप करून बदलता येणार नाही. सावलीला त्याच शब्दाची कॉपी मागे टाकून खाली उजवीकडे सरकवा, एकाच रंगात छापताय तर सावली ठार काळी आणि अक्षर आतून पांढरं ठेवा, करडी छटा साध्या कागदावर मळकट दिसते. लांबी हवी असेल तर युनियननंतर शिरोरेखा हाताने ओढा, जुने लोक तेच करायचे. फोटोखालच्या ओळींना सजावट नकोच, तेव्हाही त्या छापखान्यातल्या खिळ्यांनी (धातूच्या टाइपांनी) जुळवलेल्या साध्या अक्षरांत असायच्या. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावून बघा, ल आणि श मराठी वळणाचे मिळतील. एक शीर्षक करून इथे टाका, बघून सांगतो.