उवा-लिखा घरच्या घरी कशा घालवल्या? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि जुलै लागला की घरोघरी पोरी डोकं खाजवायला लागतात. उन्हाळाभर मामाकडे कूलरसमोर डोक्याला डोकं लावून झोपलेली भावंडं, मग वर्गात एका बाकावर तिघी-तिघी. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जातात. तेवढी जवळीक त्यांना पुरते. तरी आपण हे कुजबुजत बोलतो. इथे मोकळेपणानं लिहा: काय केलं, कशानं गेल्या, कशानं त्रास झाला. मुलाचं वय नक्की लिहा.

दोन मुलींची आई, प्रतापनगर

मुली ६ आणि १० वर्षांच्या, दोघींचे केस लांब. आमच्याकडे औषध न लावता गेल्या, फक्त कंडिशनर आणि फणीनं. सविस्तर लिहिते, कारण घाई इथंच होते.

आधी शाम्पूनं केस धुवायचे. मग ओल्या केसांना भरपूर कंडिशनर, केस बुळबुळीत होईपर्यंत. अशा केसांत उवेला पळता येत नाही. कंगव्यानं गुंता काढायचा, चार भाग करून क्लिपा लावायच्या. मग एकेक बारीक बट घेऊन स्टीलची फणी टाळूला टेकवायची आणि टोकापर्यंत ओढायची. दर ओढीला फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. तिळाएवढी करडी ऊ फडक्यावर पाय हलवताना दिसते. पिल्लं त्याहून कितीतरी बारीक, भर उजेडातच दिसतात. कानांमागे आणि मानेवरच्या केसांत सगळ्यात जास्त सापडतात.

हेच पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. लीख फुटायला ६ ते ९ दिवस लागतात आणि पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी ९ ते १२. मधल्या काळात पिल्लं निघत गेली की पुढची पिढीच होत नाही. पहिल्याच दिवशी डोकं साफ दिसलं म्हणून थांबू नका. लांब केसांच्या एका डोक्याला तास सहज जातो, म्हणून मुलींना गोष्ट ऐकवत बसते. रागावत, केस ओढत केलं की दुसऱ्या वेळी पोर समोर बसतच नाही.

औषधाच्या दुकानात काम करतो, सदर

लोक येतात आणि ‘उवांचं शाम्पू द्या’ म्हणतात. डब्यावर घटक वाचा. परमेथ्रिन १ टक्का असलेलं औषध सर्वांत जास्त वापरलं जातं. साध्या शाम्पूनं केस धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलनं टिपा, औषध लावून १० मिनिटं ठेवा आणि धुवा. त्यानं उवा मरतात, सगळ्या लिखा मरत नाहीत. म्हणून साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. ही दुसरी वेळच लोक चुकवतात. दोन महिन्यांहून लहान बाळाला ते लावायचंच नाही. दोनदा नीट लावूनही जिवंत उवा दिसल्या तर तिसरी बाटली घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. काही ठिकाणच्या उवांवर हे औषध आता चालत नाही, आणि डॉक्टरांकडे दुसरी औषधं असतात.

अजून एक. खोबरेल तेलात कापूर घालून लावतात. तो कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. मुलं हात तोंडात घालतातच, तेव्हा नकोच तो.

आजी, महाल

आमच्या वेळी दुपारी ओसरीवर साऱ्या पोट्ट्या रांगेनं बसायच्या. लाकडी फणी, मांडीवर पांढरं धोतर, आणि दोन नखांमध्ये ऊ टचकन. आजही नातीचं डोकं मीच पाहते. रात्री तेल चोपडलं की सकाळी फणी छान फिरते, पण नुसत्या तेलानं उवा मरतील असं धरून चालू नका. रॉकेल लावायची चाल होती तेव्हा. कोणी कितीही सांगो, लावू नका. चुलीजवळ, दिव्याजवळ पोरगी गेली तर काय होईल, नुसता विचार करा.

मुलगा ७ वर्षांचा, नंदनवन

बारीक केस कापले आणि फणीचं काम सोपं झालं. मुलगी मात्र केस कापू देईना, आणि ते बरोबरच आहे, तिला फणीनंच बरं केलं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहिली, माझंसुद्धा. उशांचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले. सोफा-गाद्यांना औषध मारत बसू नका, डोक्यावेगळी ऊ एक-दोन दिवसांत मरते.

काटोल रोडवरून

सीताफळाच्या बियांची पूड, हा गावाकडचा उपाय. माझ्या मावशीनं तो लावला, डोकं धुताना पाणी डोळ्यांत गेलं. डोळे लालभडक, उघडता येईनात. नेत्रतज्ज्ञ म्हणाले, या पुडीनं बुबुळाला इजा झालेले रुग्ण येतात. कृपा करून करू नका.

शिक्षिका, हिंगणा तालुका

मला सर्वांत काळजी वाटते ती फवारणीच्या औषधाची. कपाशीच्या घरात डबा कोपऱ्यात असतोच, आणि ‘किडा मरतो तर ऊ पण मरेल’ म्हणून पोरींच्या डोक्याला लावणारे पालक मी पाहिलेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच विष टाळूतून अंगात जातं. पालकसभेत मी हे दर वेळी सांगते.

वर्गात एकीला उवा झाल्या म्हणून तिला वेगळं बसवत नाही. धुतलेल्या केसांतही उवा होतात, स्वच्छतेशी त्यांचं घेणं नाही. सगळ्या मुलींच्या आईंना एकच चिठ्ठी पाठवते: या रविवारी डोकं पाहा. एकाच दिवशी सगळीकडे फणी फिरली की वर्ग लवकर मोकळा होतो.

वसतिगृहात राहते, बी.एस्सी. दुसरं वर्ष

इथं आई नाही. आम्ही मैत्रिणींनी जोड्या लावून घेतल्या, शनिवारी रात्री एकमेकींचं डोकं फणीनं काढायचं. एक प्रश्न आहे. उवा सापडत नाहीत, पण केसांना पांढऱ्या लिखा अजून चिकटलेल्या दिसतात. पुन्हा औषध लावू का?

दोन मुलींची आई, प्रतापनगर

नको. टाळूपासून किती लांब आहेत ते पाहा. जिवंत लीख टाळूलगत असते, बहुधा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, आणि रंग तपकिरी-करडा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे खाली सरकलेल्या पांढऱ्या लिखा म्हणजे रिकामी टरफलं. नखानं ओढून काढा किंवा राहू द्या. फणीत जिवंत ऊ आली तरच औषधाचा विचार कर. मानेमागे गाठी आल्या असतील किंवा खाजवून जखमा चिघळल्या असतील, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा.