किल्ल्याला 'द्वीपकल्प' म्हणता येतं का?

पानसुपारी:
विजयदुर्गाच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मूळ इंग्रजीत किल्ला 'स्मॉल पेनिन्सुला'वर उभा आहे. मी लिहिलं 'छोट्याशा द्वीपकल्पावर'. तपासणाऱ्या गृहस्थांनी ते खोडून 'भूशिरावर' केलं आणि समासात शेरा मारला: "द्वीपकल्प म्हणजे अरबस्तान, कोरिया. किल्ल्यापुरत्या जमिनीला कोणी द्वीपकल्प म्हणत नाही." शब्दात हा आकार कुठून शिरला? तीन बाजूंना पाणी, एका बाजूला जमीन, एवढंच पाठ केलं होतं ना आपण?

जुना_भूगोल:
एवढंच. अरबी द्वीपकल्प सुमारे ३२ लाख चौरस किलोमीटर, क्रिमिया जेमतेम २७ हजार. दोघांना एकच शब्द चालतो, मग विजयदुर्गानेच काय घोडं मारलंय? भूशिर म्हणजे नुसतं टोक. कन्याकुमारी हे भूशिर, तिच्या पाठीमागचा दक्षिण भारत हे द्वीपकल्प. तुमच्या गृहस्थांनी शेंडी आणि डोकं एक केलंय.

भरती_ओहोटी:
आमच्याच तालुक्यातला किल्ला आहे. गावात द्वीपकल्पही कोणी म्हणत नाही नि भूशिरही. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या पट्टीला आमचे आजोबा दांडा म्हणायचे. आणि किल्ल्याच्या पूर्वेला पूर्वी खंदक होता. तो बुजवून रस्ता झाला. म्हणजे आधी चारही बाजूंना पाणीच. बेट म्हणा की सरळ!

ठाणे_लोकल:
दांडा! खारदांडा, केळवे-दांडा, रेवदंडा... सगळे त्याच दांड्याचे दिसतात.

शुद्धमती:
नावं सारखी दिसली की लगेच एका माळेत ओवायची नसतात. आणि खंदक खणून बेट होत असेल, तर देशावरचे निम्मे भुईकोट बेटं ठरतील.

भरती_ओहोटी:
त्या भुईकोटांना भरती येत नाही, ताई.

माजघर:
मला तर शाळा सुटेपर्यंत द्वीपकल्प म्हणजे 'कल्पनेतलं बेट' वाटायचं. बेट असल्याची कल्पना करायची म्हणून कल्प. अजूनही तेच बरोबर वाटतं.

शुद्धमती:
कल्पनेचा काही संबंध नाही. 'ईषदसमाप्तौ कल्पब्देश्यदेशीयरः' हे पाणिनीचं सूत्र आहे. किंचित उणं राहिलंय, जवळजवळ तेच आहे, अशा अर्थी 'कल्प' हा प्रत्यय लागतो. मृतकल्प म्हणजे मेल्यातच जमा, ऋषिकल्प म्हणजे ऋषी व्हायला थोडाच कमी. तसं बेट व्हायला थोडं कमी पडलं ते द्वीपकल्प. लॅटिनमध्येही पेनिन्सुला म्हणजे 'जवळजवळ बेट'च. इतका नेमका शब्द हाताशी असताना हल्ली मराठी वाहिन्या 'कोरियाई प्रायद्वीप' लिहितात, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते.

ठाणे_लोकल:
प्राय म्हणजेही जवळजवळच की. मृतप्राय आपण रोज म्हणतो, मृतकल्प तुमच्याखेरीज कोण म्हणतं? दोन्ही शब्द संस्कृतच, मग एक सोवळ्यात आणि एक ओवळ्यात कसा?

शुद्धमती:
प्रश्न संस्कृतचा नाही, आळसाचा आहे. हिंदी बातमी समोर ठेवून मराठी करायची, म्हणजे 'कोरियाई'सुद्धा तसंच येतं.

चेन्नैकर:
तमिळमध्येही आपलाच शब्द आहे. मुलीच्या पुस्तकात 'तीबकर्पम्' वाचलं आणि मिनिटभराने उजेड पडला. तेलुगूत द्वीपकल्पम्, गुजरातीत द्वीपकल्प. बंगाली मात्र उपद्वीप म्हणतात.

जुना_भूगोल:
उर्दूत जझीरानुमा, म्हणजे बेटासारखं दिसणारं. आपला जंजिरा त्याच अरबी जझीऱ्यावरून आला. त्या हिशोबाने विजयदुर्ग 'जंजिरानुमा'. घ्या, पानसुपारी, झालं काम.

शुद्धमती:
माहितीपत्रक मराठी आहे ना?

जुना_भूगोल:
मराठ्यांच्या कागदपत्रांत पाणकिल्ल्यांना जंजिरेच लिहिलंय. आरमारवाल्यांना चाललं ते आपल्याला का चालू नये?

पानसुपारी:
'जंजिरानुमा' लिहिलं तर गृहस्थ मला कामावरूनच खोडतील. मूळ प्रश्न आकाराचा होता हो.

ठाणे_लोकल:
आकार सोडा, आधी व्याख्या तरी कुठे धड आहे? बाल्कनला द्वीपकल्प म्हणतात, आणि त्याची जमिनीकडची बाजू केवढी लांबरुंद! ग्रीसच्या पेलोपोनीसचं तर नावच 'पेलोप्सचं बेट'. मुळात ते चिंचोळ्या संयोगभूमीने जोडलेलं द्वीपकल्प. १८९३ साली तिथून कॉरिंथचा कालवा आरपार काढला. आता बेट म्हणायचं की द्वीपकल्प?

जुना_भूगोल:
द्वीपकल्पच. माणसाने खणलेला कालवा धरत नाहीत. नाहीतर सुएझमुळे अख्खा आफ्रिका खंड बेट ठरेल.

भरती_ओहोटी:
मग माणसाने बुजवलेला खंदक तरी का धरायचा? विजयदुर्ग बेटच!

माजघर:
मुंबईसुद्धा द्वीपकल्पच ना? नकाशात तर तशीच लोंबताना दिसते.

ठाणे_लोकल:
अहो नाही. सात बेटं भराव घालून एक झाली, पुढे माहीमच्या बाजूने साष्टीला चिकटली. पण साष्टी आजही बेटच आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला समुद्र. रोज खाडी ओलांडून कामाला जातो, मला सांगू नका.

माजघर:
पूल आहेत की इतके. पाय न भिजवता पोचता येतं म्हणजे जमिनीला जोडलेलीच झाली.

तिसवाडीचो:
तसं धरलं तर आमची तिसवाडीही गेली. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा, तिन्हींवर पूल आहेत. पणजीत जन्म काढलेल्या कित्येकांना आपण बेटावर राहतो याचा पत्ताच नाही.

शुद्धमती:
द्वीप या शब्दाची फोडच द्वि अधिक अप्, दोन बाजूंना पाणी. चारही बाजूंचा हट्ट भूगोलवाल्यांचा. पाणिनीच्या ज्या सूत्राने इथे 'अप्'च्या अ चा ई होतो, त्याच सूत्राने अंतरीप, प्रतीप आणि समीपही सिद्ध होतात.

चेन्नैकर:
थांबा, 'समीप'मध्ये पाणी आहे?

शुद्धमती:
व्युत्पत्तीने आहे. 'अनूप'मध्येही आहे, फक्त तिथे ई ऐवजी ऊ होतो. अनूप म्हणजे पाणथळ, दलदलीचा प्रदेश.

माजघर:
माझ्या धाकट्या दिराचं नाव अनूप आहे. हे आमच्या घरच्या ग्रुपवर टाकू का?