ज्या न्यायालयात निकालाला भाव फुटतो, तिथे मृत्युदंड असावा का?

चर्चाप्रस्ताव : शोधयात्री

अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड असावा की नसावा, हा वाद बहुतेक वेळा दोनच प्रश्नांभोवती फिरतो : त्या शिक्षेने जरब बसते का, आणि जीव घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे का. इंडोनेशियातील प्रकरणे वाचत असताना मला तिसरा प्रश्न अधिक निकडीचा वाटू लागला आहे. निकाल विकत घेता येतो हा संशय जिथे साधार आहे, तिथे मृत्युदंड नेमका कोणाच्या वाट्याला येतो?

‘साधार’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. तेथील घटनात्मक न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अकिल मोख्तार यांना ऑक्टोबर २०१३ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढच्याच वर्षी जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयातील माजी अधिकारी झारोफ रिचार यांच्या घराच्या झडतीत २०२४ मध्ये सुमारे ९२० अब्ज रुपिया रोख आणि ५१ किलो सोने सापडले.

आता ‘बाली नाइन’ प्रकरण घ्या. २००५ मध्ये आठ किलोंहून अधिक हेरॉइनसह नऊ ऑस्ट्रेलियन तरुण पकडले गेले आणि त्यांपैकी अँड्र्यू चॅन आणि म्युरन सुकुमारन यांना २९ एप्रिल २०१५ रोजी नुसाकंबांगान बेटावर गोळ्या घालण्यात आल्या. वीस वर्षांपेक्षा कमी शिक्षा हवी असेल तर एक अब्ज रुपियाहून अधिक रक्कम द्या, अशी मागणी न्यायाधीशांकडून झाली होती, असे त्यांच्या पूर्वीच्या वकिलाने जाहीरपणे सांगितले. न्यायाधीशांनी हा आरोप नाकारला. तो खरा की खोटा, हे मी सांगू शकत नाही. पण न्यायिक आयोगाची चौकशी पूर्ण होण्याआधीच दोघांना मारण्यात आले, याचे समर्थन कसे करायचे हे मला आजही उमगलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की शिक्षा जितकी कठोर, तितका लाचेचा दर चढा. वीस वर्षांचा तुरुंगवास चुकवण्यासाठी माणूस घर विकेल, पण मृत्यू चुकवण्यासाठी तो सगळे गोत पणाला लावेल, आणि हे टेबलापलीकडे बसलेल्याला पक्के ठाऊक असते. ज्याच्याकडे विकायला काहीच नाही, तो मात्र बंदुकीसमोर उभा राहतो.

प्रतिसाद : दीपस्तंभ

तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण युक्तिवाद मान्य नाही. चॅन आणि सुकुमारन यांनी तो गुन्हा केलाच नव्हता, असे शेवटी त्यांचे वकीलही म्हणत नव्हते. न्यायाधीशाने लाच मागितली असेल तर न्यायाधीश गुन्हेगार ठरतो. तेवढ्याने आठ किलो हेरॉइनचे पीठ होत नाही. ते हेरॉइन ज्यांच्या शरीरात गेले असते त्यांची बाजू मांडायला कोणताही दूतावास धावत नाही, आणि त्यांच्या आयांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत नाहीत.

दुसरे असे की भ्रष्टाचाराचा आक्षेप खरा मानला तर तो मृत्युदंडापाशीच का थांबवायचा? विकाऊ न्यायालयाने दिलेली जन्मठेपही तितकीच संशयास्पद असते. मग सगळे तुरुंग उघडायचे का? २००७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने बहुमताने अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचा मृत्युदंड वैध ठरवला, आणि तो निकाल विकत घेतला होता असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. न्यायालये साफ करा, जरूर करा; पण ती साफ होईपर्यंत तस्करांना अभय देऊ नका.

उपप्रतिसाद : शोधयात्री

जन्मठेप भोगणाऱ्या माणसाची फाइल पुन्हा उघडता येते, हा फरक तुम्ही पुसून टाकता आहात. मेरी जेन वेलोसोचेच उदाहरण पाहा. फिलिपिन्समधील ही गरीब घरची स्त्री २०१० मध्ये योग्याकार्ताच्या विमानतळावर २.६ किलो हेरॉइनसह पकडली गेली. बॅगेत काय आहे हे आपल्याला माहीत नव्हते, असे ती पहिल्यापासून सांगत होती. सरकारी पक्षाने जन्मठेप मागितली असताना न्यायालयाने मृत्युदंड दिला. २९ एप्रिल २०१५ च्या त्याच रात्री तिलाही गोळ्या घालायच्या होत्या, पण तिला परदेशी पाठवणारी बाई आदल्या दिवशी फिलिपिन्सच्या पोलिसांना शरण गेल्यामुळे ती वाचली. ती बाई पुढे २०२० मध्ये तेथील न्यायालयात बेकायदा नोकरभरतीच्या गुन्ह्यात दोषी ठरली. वेलोसो डिसेंबर २०२४ मध्ये मायदेशी परतली. शरण जायला आणखी एक दिवस लागला असता, तर आज आपण तिच्याविषयी ‘आठ जणांबरोबर नववी’ एवढेच वाचले असते.

प्रतिसाद : दीपस्तंभ

वेलोसोला दिलासा मिळाला याचा मलाही आनंद आहे. पण तिच्या बाजूने एक अख्खे राष्ट्र उभे होते, हेही लक्षात घ्या. त्या रात्री मारल्या गेलेल्या आठ जणांत एकच इंडोनेशियन होता, झैनल आबिदिन. त्याच्यावर ५८.७ किलो गांजाचा आरोप होता. खालच्या न्यायालयाने त्याला अठरा वर्षांची शिक्षा दिली होती. अपिलात ती मृत्युदंडापर्यंत वाढली. त्याने २००५ मध्ये केलेला पुनर्विचाराचा अर्ज दहा वर्षे न्यायालयाच्या दप्तरात पडून राहिला आणि शिक्षेच्या अगदी तोंडावर फेटाळला गेला. जगभर गाजलेल्या निषेधपत्रांत त्याचे नाव शोधावे लागते. तुमची चळवळ खरोखर न्यायासाठी असेल, तर तिने आधी त्याच्याविषयी बोलायला हवे होते.

(हे लिहिताना माझ्या लक्षात येते आहे की मी माझ्याच बाजूविरुद्ध एक उदाहरण दिले आहे. तरीही ते मागे घेत नाही, कारण ते खरे आहे.)

प्रतिसाद : उंबरठा

या चर्चेत सिंगापूरचा उल्लेख व्हायला हवा, कारण तिथल्या न्यायाधीशांवर लाचखोरीचा आरोप त्यांचे कडवे टीकाकारही सहसा करत नाहीत. तिथे १५ ग्रॅमपेक्षा अधिक शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला मृत्युदंड आहे. २०१२ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन एक सवलत आली : आरोपी केवळ माल वाहून नेणारा असेल आणि तस्करी उधळून लावण्यासाठी त्याने भरीव मदत केली असे प्रमाणपत्र सरकारी वकिलाने दिले, तर न्यायालय जन्मठेप आणि फटक्यांची शिक्षा देऊ शकते. वरकरणी हे उदार वाटते, पण मदत करायची तर माहिती हवी, आणि टोळीतल्या सर्वांत खालच्या हमालाला वरच्यांची नावे ठाऊकच नसतात. ज्याला पुष्कळ माहीत आहे त्याच्याकडे जीव वाचवायला चलन आहे. इंडोनेशियात ते चलन रुपियाचे असते असा आरोप आहे, सिंगापुरात ते कायदेशीर आहे आणि माहितीचे आहे. रिकाम्या हाताचा माणूस दोन्हीकडे मरतो. म्हणून भ्रष्टाचार हटवला की हा प्रश्न सुटेल, हे दीपस्तंभ यांचे गृहीतक मला पटत नाही, आणि सगळे खापर भ्रष्टाचारावर फोडणे हेही पटत नाही.

मी स्वतः मृत्युदंडाचा सरसकट विरोधक नाही. पण मग तो आधी वर लागू करा. इंडोनेशियाच्या १९९९ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात विशिष्ट परिस्थितीत मृत्युदंडाची तरतूद आहे, आणि त्या कलमाखाली आजवर एकाचाही जीव गेलेला नाही. पश्चिम सुमात्राचे पोलीसप्रमुख तेडी मिनाहासा यांनी जप्त केलेल्या मालातील पाच किलो मेथ (मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ) काढून तिथे तुरटी ठेवायला लावली आणि ते मेथ विक्रीला गेले, या प्रकरणात सरकारी पक्षाने मृत्युदंड मागितला होता. मे २०२३ मध्ये न्यायालयाने जन्मठेप दिली. ज्याच्यावर राखण सोपवली होती त्याला जीवदान, आणि गांजा बाळगणाऱ्या झैनलला गोळी!

उपप्रतिसाद : शोधयात्री

तुमचा संताप मला समजतो, पण मिनाहासा यांनाही मारू नये असेच मी म्हणेन, आणि त्यामागे दयेपेक्षा वेगळे कारण आहे. फ्रेडी बुदिमान नावाचा बडा तस्कर सिपिनांग तुरुंगात असतानाच चीनमधून चौदा लाख एक्स्टसी गोळ्या मागवत होता. त्याने २०१४ मध्ये मानवाधिकार कार्यकर्ते हारिस अझहर यांना सांगितले की अमली पदार्थविरोधी यंत्रणेतील अधिकाऱ्यांना आपण ४५० अब्ज आणि पोलीस अधिकाऱ्याला ९० अब्ज रुपिया दिले. अझहर यांनी हे २०१६ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केले. २९ जुलैला फ्रेडीला गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर पोलीस, सेना आणि अमली पदार्थविरोधी यंत्रणा यांनी अझहर यांच्याविरुद्धच बदनामीची तक्रार दिली, आणि मग नेमलेल्या सत्यशोधन पथकाला फ्रेडीच्या दाव्याचा पुरावा मिळाला नाही. तो मिळणार तरी कसा? पैसे देणारा एकमेव साक्षीदार तोपर्यंत पुरला गेला होता. फ्रेडी खोटे बोलत असेलही. पण जिथे तपास यंत्रणाच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, तिथे मृत्युदंड पुरावा नष्ट करण्याचे सर्वांत कायदेशीर साधन ठरतो.

प्रतिसाद : दीपस्तंभ

फ्रेडीचा मुद्दा मला अडचणीत टाकतो, हे मान्य करतो. चौकशी प्रलंबित असताना शिक्षेची अंमलबजावणी होऊ नये, एवढे मी तुमच्याबरोबर म्हणेन. पण त्यापुढे जाऊन शिक्षाच रद्द करा हे नाही. इंडोनेशियाच्या नव्या दंडसंहितेने यावर मार्ग काढला आहे असे मला वाटते : मृत्युदंड झालेल्याला दहा वर्षांचा परीक्षाकाळ, आणि त्या काळात वर्तन चांगले राहिले तर जन्मठेप. २०१६ नंतर तिथे एकालाही गोळ्या घातलेल्या नाहीत, हेही नोंदवायला हवे.

उपप्रतिसाद : शोधयात्री

परीक्षाकाळाचे मी स्वागतच करतो, कारण दहा वर्षांत एखादी शरण आलेली बाई, एखादी हरवलेली फाइल सापडू शकते. शिक्षा बदलण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांचा आणि त्याआधी मत सर्वोच्च न्यायालयाचे, अशी रचना आहे. पण ‘वर्तन चांगले होते’ ही नोंद आधी तुरुंगात होणार, आणि सिपिनांगसुद्धा तुरुंगच होता. त्या नोंदीची नक्कल कैद्याच्या वकिलाला दरवर्षी मिळावी आणि तिच्याविरुद्ध त्याला खुल्या न्यायालयात दाद मागता यावी, यासाठी तुम्ही माझ्याबरोबर आग्रह धराल का?