नायट्रोजन कमी केला, तेलाचा टक्का वाढला, पण एकूण तेल घटलं. असं का?

हिरवंपाणी:
क्लोरेला (एकपेशीय हिरवं शेवाळ) वाढवतोय, बायोडिझेलसाठी. बीजी-११ मीडियम (शेवाळाला लागणाऱ्या क्षारांचं ठरलेलं पाणी) आहे पण सोडियम नायट्रेट सुरुवातीपासूनच दहा टक्के ठेवलंय, म्हणजे लिटरला १.५ ग्रॅमऐवजी ०.१५. नायट्रोजन तोडला की तेल वाढतं असं सगळीकडे वाचलं म्हणून. कल्चर पिवळट पडलं, टक्का खरंच वाढला, पण वाढच खुंटली आणि लिटरमागे तेल आधीपेक्षा कमी निघतंय. फॉस्फेटही कमी करून बघू का?

शेवाळ्या:
अरे हिशोब मांड ना. ०.१५ ग्रॅम सोडियम नायट्रेटमध्ये नायट्रोजन साधारण २५ मिलिग्रॅम. नीट खाल्लेल्या पेशीत कोरड्या वजनाच्या ७ टक्के धर, म्हणजे लिटरला साडेतीनशे मिलिग्रॅम पेशी झाल्या की साठा संपला. नंतर वजन थोडं वाढतं, पण ते स्टार्च आणि तेल भरून, नवीन पेशी होतच नाहीत. प्रथिनं बनवायला नायट्रोजन नाही, प्रकाशातून कार्बन तर येतोच आहे, मग पेशी तो साठवून ठेवते. पेशीच मोजक्या असतील तर टक्का चाटायचाय का? लिटरमागे रोज किती तेल, एवढंच बघायचं.
दोन टप्प्यात कर. आधी पोटभर दे, दाट होऊ दे, मग उपाशी ठेव. पेशी काढून बिननायट्रेटच्या पाण्यात टाकता येतात, पण मोठ्या टाकीत तो खर्च झेपत नाही, त्यापेक्षा नायट्रेट असं मोजून टाकायचं की हव्या त्या दाटीला आपोआप संपेल.

काचनळी:
वाढ खुंटली हे कशावरून? ओडी (कल्चर किती उजेड अडवतं तो आकडा) ६८० नॅनोमीटरवर, म्हणजे क्लोरोफिल शोषतं त्या उजेडात, घेत असशील तर फसशील, उपाशी कल्चरमध्ये क्लोरोफिल मोडतं त्यामुळे आकडा पडतो आणि तिकडे वजन वाढतच असतं. ७५० वर घे आणि अधूनमधून गाळून, वाळवून वजन कर. आणि क्लोरेलाच्या बऱ्याच जाती आधी स्टार्च भरतात, तेल मागाहून, त्यामुळे घाईने काढू नकोस. नाईल रेड (तेलात चमकणारा रंग) लावून बघणार असशील तर थोडं डीएमएसओ (द्रावक) टाक, जाड भिंतीतून रंग आत जात नाही नाहीतर. मग सोनेरी थेंब झक्क दिसतात.

हिरवंपाणी:
६८० वरच घेतोय 😅 फॉस्फेटचं राहिलं.

शेवाळ्या:
त्याला हात लावू नको. पेशी फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त गिळून पॉलीफॉस्फेट करून ठेवतात, त्यामुळे टंचाई कधी लागली तेच कळत नाही, आणि दोन्ही एकदम तोडलंस तर कशामुळे काय झालं ते कसं ओळखणार? डायटम (सिलिकाच्या कवचाचं शेवाळ) असते तर सिलिकॉन तोडायला सांगितलं असतं.
बाय द वे, हे दुखणं जुनंच आहे, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा १९७८ ते १९९६ चालला तो शेवाळ-तेलाचा कार्यक्रमही इथेच अडकला होता, टक्का वर आणि उत्पादन खाली. २०१७ मध्ये नॅनोक्लोरोप्सिस या दुसऱ्या शेवाळाचं एक नियंत्रक जीन दाबून वाढ फारशी न मारता तेल दुप्पट केल्याचं आलं होतं, पण ते प्रयोगशाळेत. तू आधी नायट्रेट मूळ बीजी-११ च्या निम्म्यावर, म्हणजे लिटरला ०.७५ ग्रॅमवर, आणून बघ, आणि उपाशी टप्प्यात उजेड कमी करू नकोस, तेल त्यातूनच भरतं.